दुरुस्ती म्हणजे खोडरबर नव्हे

मंडळी, आज थोडं भांडायचं आहे. भांडण आहे जुने स्टिरिओ स्पीकर 'सुधारून' घेणाऱ्यांशी.

आमचं कन्हान-कामठी घ्या की नागपूर घ्या, ज्यांच्या घरी सोनोडाइन, फिलिप्स किंवा कॉस्मिकचे जुने लाकडी डबे आहेत, तिथे हल्ली एक खूळ शिरलंय. जुना वूफर उपटायचा, गाडीतला जाडजूड सबवूफर त्या जागी कोंबायचा, मागे ब्लूटूथचं सर्किट, पुढे निळे दिवे. वर अभिमानानं सांगायचं, "बाबांची आठवण जपली बरं!" बाप्पा, जपलं काय? लाकूड?

वूफरचा कोन किती जड, त्याची कड किती सैल, लोहचुंबक किती जोरदार, यावर डबा किती लिटरचा हवा ते ठरतं. ऑस्ट्रेलियात नेव्हिल थील यांनी १९६१ साली आणि पुढे सत्तरच्या दशकात रिचर्ड स्मॉल यांनी याचं गणितच मांडून ठेवलंय. एका डब्याचा वूफर काढून दुसराच बसवला की ते गणित चुकतं. मग जो घुमतो त्याला लोक 'बास' म्हणतात. शिवाय ८ ओहमच्या जागी ४ ओहमचा वूफर बसवला की अ‍ॅम्प्लिफायरवर ताण येतो तो वेगळाच.

"मग काय सडलेला स्पीकर तसाच ठेवायचा?" असं कुणी विचारेल. मुळीच नाही. फोमची कड दहा-वीस वर्षांत भुसभुशीत होते. वाजवला नाही, माळ्यावर ठेवला, तरीही होते, कारण तिला हवेतला दमटपणा आणि उष्णता खाते. कड नवी लावता येते. जुना गोंद खरवडायचा, व्हॉइस कॉइल मधोमध धरायची आणि नवी कड चिकटवायची. मूळ कोन तसाच राहतो. क्रॉसओव्हरमधले इलेक्ट्रोलायटिक कंडेन्सर जुने होऊन आपलं माप सोडतात. तेही बदला, पण त्याच मापाचे. आणि 'बास येत नाही' म्हणून रडण्याआधी दीड व्होल्टचा सेल लावून पाहा. प्लसला प्लस जोडल्यावर दोन्ही कोन एकाच दिशेला उडाले पाहिजेत. एका स्पीकरची वायर उलटी असेल, तर दोघं मिळून बास मारतात. त्याला नवा वूफर कशाला?

"म्हणजे बदल तुम्हीही करताच की!" हो, करतो. पण विद्यार्थ्याच्या निबंधातलं शुद्धलेखन सुधारणं वेगळं आणि त्याचा निबंध खोडून आपला लिहिणं वेगळं. पहिल्याला दुरुस्ती म्हणतात.

यात नुकसान कशाचं होतं? ऐकण्याचं. गदिमा-बाबूजींचं गीतरामायण १९५५-५६ मध्ये पुणे आकाशवाणीवरून छप्पन्न गीतांत प्रसारित झालं. त्यातला जीव शब्दांत आहे आणि शब्द मधल्या पट्टीत असतात. तळाशी धडधड वाढवली की शब्दच बुडतात. मग नातवंडं म्हणतात, "आजोबा, जुनी गाणी समजतच नाहीत." समजतील कशी?

दुसरं नुकसान कारागिराचं. सबवूफरला आपण न कुरकुरता पैसे मोजतो आणि कड बदलणाऱ्याशी पन्नास रुपयांसाठी घासाघीस करतो. त्याच्या पोरानं हे काम का शिकावं? आणि भंगारात गेलेला मूळ कोन परत आणायचा कुठून?

वस्तू तुमची आहे, मान्य. ब्लूटूथ हवं असेल तर अ‍ॅम्प्लिफायरला बाहेरून जोडा, ना नाही. डब्याला भोक तेवढं पाडू नका. आणि हौस अगदीच आवरत नसेल, तर काढलेला वूफर फडक्यात गुंडाळून कपाटात ठेवा. पुढच्या पिढीत एखाद्याला अक्कल आली, तर तो तरी परत बसवेल.