पळायचं वय कोण ठरवतं?



मागच्या वर्षी माझ्या पाचवीच्या वर्गातली एक मुलगी केंद्रस्तरावर १०० मीटरमध्ये पहिली आली. तालुक्याला न्यायचं म्हणून मी तिच्या घरी गेले, तर आई म्हणाली, "बाई, आता मोठी झाली ती. बास झालं पळणं." आई स्वतः जेमतेम तिशीची. मी विचारलं, "तुम्ही शाळेत पळायचात का हो?" तर हसून म्हणाली, "माझा तर पहिला नंबर यायचा!"

परत येताना मला फॅनी ब्लँकर्स-कोएन आठवली. नेदरलँड्सची ही धावपटू १९३६ च्या बर्लिन ऑलिंपिकला गेली तेव्हा १८ वर्षांची होती. पदक मिळालं नाही. पुढे महायुद्धामुळे १९४० आणि १९४४ ची ऑलिंपिक झालीच नाहीत. ऐन उमेदीची वर्षं अशी गेली. १९४८ ला लंडनमध्ये ती पुन्हा उतरली तेव्हा वय ३० आणि पदरी दोन लेकरं. लोक म्हणू लागले, हिचं वय झालं. मुलांना घरी ठेवून ही पळते काय!

तिने १०० मीटर, २०० मीटर, ८० मीटर अडथळा आणि ४×१०० मीटर रिले अशी चार सुवर्णपदकं जिंकली. हे सोपं नव्हतं. अडथळ्यांच्या अंतिम शर्यतीत पहिल्या दोघींची वेळ सारखीच, ११.२ सेकंद लागली. निकाल फोटो पाहून द्यावा लागला. २०० मीटरच्या उपांत्य फेरीआधी तर घरच्या आठवणीने ती रडली, आता पुरे म्हणाली. तिचा नवरा यान हाच तिचा प्रशिक्षक. त्याने समजूत घातली आणि ती पळाली.

मला खटकतं ते पुढचंच. पेपरवाल्यांनी तिला 'उडणारी गृहिणी' म्हटलं. कौतुकच ते, पण चार सुवर्णपदकांनंतरही ओळख घरकामाचीच! एखाद्या पुरुष धावपटूला 'उडणारा बाप' म्हटलेलं ऐकलंय का तुम्ही?

आपण तरी काय वेगळं करतो? शाळेच्या कार्यक्रमात बाबांसाठी रस्सीखेच आणि आयांसाठी लिंबू-चमचा. म्हणजे आईने पळायचंच नाही, जपून चालायचं! मुली हे बघतात आणि न सांगता शिकतात. मग आपण वर्गात 'खेळा, पुढे जा' म्हणून कितीही सांगितलं तरी काय उपयोग?

म्हणून यंदा आमच्या शाळेत आयांची ५० मीटर धावण्याची शर्यत ठेवायचं मी ठरवलंय. ती मुलगी तालुक्याला गेली नाही, याची रुखरुख आहेच. पण पहिलं आमंत्रण तिच्या आईला देणार आहे. साडी खोचून पळाली तरी चालेल. लेक बघत असली म्हणजे झालं.

तुमच्या शाळेतही असं करून बघा, आणि काय झालं ते जरूर कळवा.