गुरांच्या शुश्रूषेचें शिक्षण

मारुंजीच्या शेजारीं हिंजवडीच्या संगणक-कचेऱ्यांचे काचेचे मनोरे उभे आहेत, आणि मारुंजीच्या शेतांतूनहि उंच गृहसंकुलें उठत आहेत. अशा ठिकाणच्या एखाद्या मुलानें वा मुलीनें 'मी गुरांच्या दवाखान्याचें काम शिकणार' असें घरीं सांगितलें, तर पालकांच्या कपाळास आठ्या पडतात. 'पशुवैद्य होत असशील तर हो. त्याच्या हाताखालचा माणूस कशाला?' हा प्रश्न विचारण्याजोगा खरा. परंतु त्यांत हें काम हलकें असल्याचें जें गृहीत धरिलेलें असतें, तें आम्हांस मान्य नाहीं.

या माणसास आपल्याकडे पशुधन पर्यवेक्षक म्हणतात. कृत्रिम रेतनाची कांडी द्रवरूप नत्रांत, शून्याखालीं १९६ अंशांवर ठेविलेली असते. ती काढून कोमट पाण्यांत अर्धा मिनिट धरावयाची व लगोलग कामीं लावावयाची. हयगय झाली कीं गाय उलटते, आणि शेतकऱ्याचे एकवीस दिवस व तितक्या दिवसांचा चारा व्यर्थ जातो. गाय सकाळीं माजावर आली तर रेतन सायंकाळीं करावें, हें ओळखणाऱ्या नजरेवर घरचें दूध अवलंबून असतें. लस २ ते ८ अंशांतच राखावी लागते; उन्हांतून उघडी नेलेली लस टोचली काय आणि न टोचली काय, सारखेंच. २०२२ सालीं लंपी चर्मरोगाची सांथ महाराष्ट्रांत आली, तेव्हां गोठोगोठीं लस घेऊन फिरणाऱ्यांत हेहि होते.

आपल्याच जिल्ह्यांत उरुळी कांचन येथें मणिभाई देसाई यांनीं १९६७ सालीं 'बायफ' ही संस्था स्थापिली. गाय दवाखान्यापर्यंत चालवीत नेण्यापेक्षां शिकविलेला कार्यकर्ताच शेतकऱ्याच्या दारीं पाठवावा, ही तिची रीत. संकरित गाई खेडोपाडीं पोंचल्या, त्यांत अशा कार्यकर्त्यांचा वांटा मोठा आहे.

मात्र या विद्येस कुंपण आहे, आणि तें विद्यार्थ्यानें पहिल्याच दिवशीं शिकावें. १९८४ च्या भारतीय पशुवैद्यक परिषद कायद्यान्वयें नोंदणी झालेल्या पशुवैद्यासच हा व्यवसाय करितां येतो. पदविका घेतलेल्यास राज्य सरकारच्या आज्ञेनें कांहीं किरकोळ सेवा देतां येतात, त्याहि नोंदलेल्या पशुवैद्याच्या देखरेखीखालीं. कित्येकांस हें जाचक वाटतें. रात्रीं गाय अडली असतां पशुवैद्य दहा कोस दूर आणि पर्यवेक्षक शेजारीं, ही अडचण खोटी नाहीं. तरीहि कायद्याचा पक्ष आम्हांस बरोबर वाटतो. मुक्या जनावरास चुकीचें औषध टोचलें तर तें सांगूं शकत नाहीं. शिवाय प्रतिजैविक टोचलेल्या गाईचें दूध ठराविक मुदतीपर्यंत वगळावें लागतें, नाहीं तर तें औषध मुलांच्या पेल्यांत उतरतें. पशुवैद्यास विचारावयास खिशांत दूरध्वनि असतोच.

अमेरिकेंत या धंद्यासाठीं साधारणतः दोन वर्षांचें शिक्षण व त्यावर परीक्षा असते. रोगनिदान, औषध लिहून देणें आणि शस्त्रक्रिया हीं तिन्ही कामें त्या माणसास वर्ज्य, तरी त्याचा मान कमी नाहीं. आपल्याकडील पदविकेचा रोख मुख्यतः गाईम्हशींवर आहे. नव्या संकुलांतून कुत्रींमांजरें वाढलीं, त्यांच्या दवाखान्यांत जाण्याची ज्यांस इच्छा असेल त्यांनीं तें काम अभ्यासक्रमांत कितपत आहे हें आधींच विचारून घ्यावें.

राहतां राहिला संस्थेचा प्रश्न. जाहिरातींत इमारतीचें चित्र मोठें असतें, आणि नोकरीची हमी त्याहून मोठी. पालकांनीं दोनच गोष्टी पाहाव्या. नागपूरच्या महाराष्ट्र पशु व मत्स्य विज्ञान विद्यापीठाशीं संस्था संलग्न आहे काय, हें कागदावर पाहावें. मग न कळवितां पहांटे पांच वाजतां तिच्या गोठ्यावर जावें, आणि त्या वेळीं शेणांत पाय रोवून विद्यार्थी उभे आहेत कीं एकटा गडी, हें पाहूनच शुल्क भरावें.