रसयंत्र घेताना



गेल्या अंकातील नामनिर्देशनाविषयीच्या लेखावर अनेकांची पत्रे आली. त्यांतील एका वाचक भगिनींनी वेगळाच प्रश्न विचारला आहे : "ठेवी आणि इच्छापत्र यांविषयी आपण लिहिता, ते उपयोगी पडते. पण घरात ज्यूसर घ्यायचा आहे आणि दुकानदार रोज नवे सांगतो, तर कोणता घ्यावा, हेही एकदा लिहा." पत्र वाचून मी थोडा ओशाळलो. कारण या विषयातील माझा अनुभव आरंभी चुकीचाच होता, आणि चुकीची किंमत माझ्यापेक्षा घरातील दुसऱ्याच व्यक्तीने मोजली होती. ती हकिगत सांगितल्यावाचून सल्ला देणे प्रामाणिकपणाचे होणार नाही.

दोन वर्षांपूर्वी माझ्या मातोश्री घरात पाय घसरून पडल्या. वय ८६. हाड मोडले नाही, परंतु अंथरुणावरून उठल्या तेव्हा कवळी हिरड्यांवर बसेनाशी झाली होती आणि अन्नावरची वासना गेली होती. डॉक्टरांनी मुगाचे कढण, मऊ भात, दूध आणि थोडा फळांचा रस सुचविला. त्याच सायंकाळी मी सांगलीतील एका मोठ्या दुकानात गेलो आणि १४,५०० रुपयांचे कोल्ड प्रेस पद्धतीचे रसयंत्र घेऊन आलो. चौतीस वर्षे इतरांच्या कर्जप्रस्तावांची छाननी केली. कर्जाचा विनियोग कोठे होणार, परतफेड कशातून होणार, हे विचारल्याशिवाय कधी सही केली नाही. या खरेदीच्या वेळी मात्र मी एकही प्रश्न विचारला नाही. आईसाठी उत्तमातील उत्तम घ्यावे, एवढीच भावना होती.

पाच महिन्यांनी माळ्यावर काही शोधताना ते यंत्र मूळ खोक्यात, दोरीने बांधलेले सापडले. मला राग आला. सौ.ला विचारले, तेव्हा ती शांतपणे म्हणाली, "अहो, रस काढायला पाच मिनिटे लागतात आणि धुवायला पंचवीस. सात भाग सुटे करायचे. तो पिळाचा दांडा ओढून काढायला अंगठ्यात जोर लागतो, आणि माझा अंगठा तुम्हाला ठाऊक आहे."

खरे सांगायचे तर मला ठाऊक नव्हते. तिच्या उजव्या अंगठ्याच्या मुळाशी संधिवाताची सूज होती, हे ऐकलेले होते; पाहिलेले नव्हते. मधल्या काळात ती रोज दुपारी मोसंबी सोलून, फोडी फडक्यात घालून हाताने पिळत होती. आईला रस मिळत होता, म्हणून मी यंत्र चालू आहे असे धरून चाललो होतो. हिशेब केला, तर यंत्र एकोणीस दिवस वापरले गेले. दिवसाला दोन पेले धरले तरी अडतीस पेले. एका पेल्यावर यंत्राचाच भार ३८१ रुपये. बँकेच्या भाषेत ही अनुत्पादक मत्ता. आणि तिचे व्याज सौ. आपल्या अंगठ्याने भरत होती.

त्यानंतर जे शिकलो, ते क्रमाने मांडतो.

घरगुती रसयंत्रांचे मुख्य प्रकार चार. पहिला, हाताने दाबण्याचा किंवा पिळण्याचा साधा साचा. त्यास वीज लागत नाही, बिघडण्यासारखे काही नसते, पण मनगटात बळ हवे. घ्यायचाच तर स्टेनलेस स्टीलचा घ्यावा. आंबट रस उघड्या अॅल्युमिनियमशी संयोग पावतो. दुसरा, विजेवर फिरणाऱ्या शंकूचा लहान ज्यूसर. अर्धे फळ शंकूवर दाबले की तो फिरू लागतो. त्याची मोटर बहुधा २५ ते ६० वॉटची असते. तो केवळ मोसंबी, संत्रे आणि लिंबू यांच्याच कामाचा. तिसरा, आपल्याकडे मिक्सरसोबत मिळणारा वेगवान ज्यूसर. त्यात किसणीची जाळी मिनिटाला हजारो फेरे घेते. रस बाहेर फेकला जातो आणि चोथा मागे राहतो. तो झटपट काम करतो, परंतु आवाज मोठा, रसावर फेस अधिक आणि चोथ्यात बराच ओलावा शिल्लक. चौथा, मी घेतला तो संथ, म्हणजे कोल्ड प्रेस. त्यातील मळसूत्रासारखा दांडा मिनिटाला साधारण ४० ते १०० फेरे घेत फळ चिरडतो. चोथा कोरडा निघतो, पालेभाज्यांचा आणि तंतुमय फळांचा रस चांगला येतो, आवाज कमी असतो. मात्र किंमत मोठी आणि भाग अनेक.

दुकानात चौथ्या प्रकाराचे गुण फार वर्णिले जातात. वेगवान यंत्रात जीवनसत्त्वे जळून जातात, असे मलाही सांगण्यात आले होते. वस्तुस्थिती अशी की, एक-दोन मिनिटांत रस काही तापून उकळत नाही. वेगामुळे हवा अधिक मिसळते, ही गोष्ट खरी. हवेच्या संपर्काने 'क' जीवनसत्त्व हळूहळू कमी होते, हेही खरे. पण जो रस काढल्याबरोबर प्यायचा आहे, त्यात या फरकाला दुकानदार देतो तेवढे महत्त्व देण्याचे कारण नाही. विजेच्या बचतीचेही तसेच. ५०० वॉटचे यंत्र दहा मिनिटे चालले तर सुमारे ८३ वॉट-तास वीज लागते. २०० वॉटचे संथ यंत्र वीस मिनिटे चालले तर सुमारे ६७. रोज वापरले तरी एक युनिट वाचायला दोन महिने लागतात. एवढ्यासाठी दहा हजार रुपये अधिक मोजणे व्यवहाराला धरून नाही.

आता आपल्या घरांपुरता विचार. विक्रेत्याने मला प्रात्यक्षिक दाखविले ते गाजर, बीट आणि आले यांचे. कठीण कंद सहज चिरडणे, हेच त्या यंत्राचे सामर्थ्य म्हणून तो सांगत होता. ज्या घरात कंदमूळ येत नाही, त्या घराला त्या सामर्थ्याचा उपयोग काय, हा प्रश्न मला तेथे सुचावयास हवा होता. चातुर्मासात अनेक घरांतून हिरवा पालाही वर्ज्य असतो. म्हणजे यंत्राचे जे दोन खरे गुण, ते आपल्या स्वयंपाकघरात वर्षातील बराच काळ बेकारच राहणार. राहता राहिली मोसंबी, संत्री, डाळिंब, द्राक्षे, कलिंगड, अननस. यांतील पहिल्या दोहोंना शंकूचा ज्यूसर पुरतो. उरलेल्यांना घरात आधीच असलेला मिक्सर पुरतो. डाळिंबाचे दाणे मिक्सरमध्ये दोन-तीनदा क्षणभरच फिरवावेत, बी फुटू देऊ नये, आणि गाळणीने गाळावे. जास्त फिरविल्यास बी भरडून रस तुरट होतो. रसासाठी कापड वापरणार असाल, तर पाण्याचे गाळणे त्यासाठी घेऊ नये. ते निराळे असावे.

नव्या यंत्रांत रुंद तोंडाचे एक आकर्षण असते : अख्खे सफरचंद टाका, चिरायला नको. वेळ वाचतो, हे मान्य. परंतु फळ चिरून, आतून पाहून, शोधून घेण्याची आपली जुनी रीत आहे. डाळिंबाला सुरसा अळी लागते, पेरूत अळ्या असतात. बाहेरून फळ निर्दोष दिसले तरी आत जीव असू शकतो. न पाहता अख्खे फळ यंत्राच्या मुखी देणे आपल्या मनाला पटणारे नाही. मग ज्या सोयीचा लाभ घ्यायचा नाही, तिचे पैसे तरी का द्यावेत?

स्वच्छतेचा मुद्दा मी सर्वांत महत्त्वाचा मानतो. जाळीच्या छिद्रांत अडकलेला गर तासाभरात वाळतो, मग घासूनही निघत नाही. ओला चोथा राहिला तर चिलटे जमतात आणि जीवोत्पत्तीस आपणच कारण होतो. म्हणून रस काढल्यावर प्रथम यंत्र धुवावे, मग इतर कामे. ज्या घरी सूर्यास्तापूर्वी सारे आटोपते, तेथे सायंकाळी पाचनंतर रसाचा घाट घालूच नये. खरेदीच्या वेळी दुकानदाराला एवढेच सांगावे : "हे यंत्र माझ्यासमोर पूर्ण सुटे करा आणि पुन्हा जोडा." आणि ते काम, घरी जी व्यक्ती प्रत्यक्ष करणार आहे, तिच्याच हातून एकदा करून घ्यावे. मी सौ.ला सोबत नेले असते, तर तिने अर्ध्या मिनिटात नकार दिला असता.

हमीपत्र वाचण्याची सवय बँकेने लावली. तीही उपयोगी आहे. 'पाच वर्षांची हमी' पुष्कळदा केवळ मोटरची असते. जाळी, रबरी कडी आणि प्लॅस्टिकची भांडी, म्हणजे जे आधी बिघडते ते, त्यात बहुधा नसते. हे सुटे भाग आपल्या गावात मिळतात का, दुरुस्ती कोठे होते, हे विचारावे. यंत्र एका वेळी सलग किती मिनिटे चालवावे, हे माहितीपत्रकात दिलेले असते; पाहुण्यांच्या गर्दीत तेच विसरले जाते आणि मोटर जळते. आणखी एक : घरगुती यंत्रात ऊस घालू नये. थोरल्या वहिनींच्या वर्षीतपाच्या पारण्याला, अक्षय्य तृतीयेस, घरीच इक्षुरस काढावा असे माझ्या मनात आले होते. माहितीपत्रकात ऊस स्पष्ट वर्ज्य होता. त्याचे चिवट धागे दांड्याला गुंडाळले जाऊन यंत्र अडकते. शेवटी ओळखीच्या रसवंतीवाल्याकडे सकाळी पहिल्या घाण्याआधी चरक धुऊन घेतला आणि रस आणला. भगवान ऋषभदेवांच्या पारण्याची परंपरा त्यामुळे काही उणी पडली नाही.

रस किती प्यावा, हेही सांगितले पाहिजे. जागतिक आरोग्य संघटनेने २०१५ च्या मार्गदर्शनात फळांच्या रसातील साखर मर्यादित ठेवण्याच्या साखरेत धरली आहे. अख्ख्या फळातील साखर मात्र त्यात धरलेली नाही. ही मर्यादा दिवसाच्या एकूण उष्मांकांच्या १० टक्क्यांहून कमी, म्हणजे २,००० उष्मांकांच्या आहारात ५० ग्रॅमच्या आत. संत्र्याच्या २०० मिलिलिटर रसातच सुमारे १६-१७ ग्रॅम साखर असते, वरून घातलेली निराळी. उसाच्या १०० मिलिलिटर रसात १३ ते १५ ग्रॅम साखर असते, असे हैदराबादच्या राष्ट्रीय पोषण संस्थेच्या २०२४ च्या मार्गदर्शनात दिले आहे. ज्यांचे दात शाबूत आहेत, त्यांनी फळ चावून खावे. मी स्वतः मधुमेही आहे. मी फोडी खातो, रस घेत नाही. मूत्रपिंडाचा विकार असणाऱ्यांनी डॉक्टरांना विचारल्याशिवाय रस सुरू करू नये. दुधी भोपळ्याचा रस घेणाऱ्यांनी आधी एक लहान तुकडा चाखावा. कडू लागला तर तो दुधी टाकून द्यावा, कारण कडू दुधीचा रस विषारी ठरतो.

शेवटी आम्ही शंकूचा लहान ज्यूसर घेतला. किंमत १,१५० रुपये, धुण्याचे भाग तीन. आठ महिन्यांत रोज दोन पेले धरून सुमारे ४८० पेले झाले. पेल्यामागे यंत्राचा भार दोन रुपये चाळीस पैसे. आमच्या घरच्या तराजूवर एक किलो मोसंबीचा रस साधारण ४०० मिलिलिटर निघतो. फळ फार जोराने दाबू नये. सालीखालचा पांढरा भाग घासला गेला की रस कडवट होतो. मोसंबीचा रस ठेवून दिला तरी कडू होतो, म्हणून आई समोर बसल्यावरच काढावा.

'काढावा' असे लिहिले, ते मलाच उद्देशून. दुपारी चार वाजता मोसंबी चिरणे, पाहणे, दाबणे आणि यंत्र धुऊन पालथे घालणे, ही कामे आता माझ्याकडे आहेत. पहिल्या दिवशी मातोश्रींनी पेला तोंडाला लावला, माझ्या ओल्या हातांकडे पाहिले आणि म्हणाल्या, "अरे, हे तुला पूर्वीच जमले असते." सौ. काही बोलली नाही. ती शेजारी बसून स्वाध्यायाचे पुस्तक वाचत होती. चार वाजता तिला असे बसलेले मी प्रथमच पाहत होतो.

माळ्यावरचे मोठे यंत्र आम्ही ओळखीच्या एका कुटुंबाला दिले. त्यांच्याकडे भाज्यांचा रस रोज लागतो आणि तो काढणारे दोन तरुण हात आहेत. त्यांच्यासाठी ते योग्यच आहे. म्हणून पत्रलेखिका भगिनींना उत्तर एवढेच : कोणते फळ, किती जणांसाठी, आणि धुणार कोण, हे तीन प्रश्न घरी एकत्र बसून आधी सोडवा. तिसऱ्या प्रश्नाचे उत्तर देताना ज्यांनी ते काम करायचे आहे, त्यांनाच बोलू द्या. त्यानंतर दुकानात जावे.

जय जिनेंद्र.