मतपेटीने राजा बदलला, सावकार तोच राहिला!

२०२४ हे साल जगभर निवडणुकांचे साल ठरले. भारतासह पन्नासहून अधिक देशांत मतदान झाले आणि वर्षानुवर्षे खुर्चीला चिकटून बसलेल्या पक्षांना जनतेने चांगलाच हिसका दाखवला. ब्रिटनमध्ये हुजूर पक्षाची १४ वर्षांची सत्ता गेली. बोट्स्वानात १९६६ च्या स्वातंत्र्यापासून राज्य करणारा पक्ष घरी बसला. प्रसारमाध्यमांनी 'महागाईचा राग' एवढे म्हणून विषय संपवला. आम्हास मात्र वेगळाच प्रश्न पडतो. राग सगळीकडे सारखाच होता, तर त्याचे फळ कोणाच्या पदरात पडले?

दक्षिण आफ्रिका पाहा. वर्णभेदाविरुद्ध लढलेल्या, नेल्सन मंडेलांसारखा नेता देणाऱ्या आफ्रिकन नॅशनल काँग्रेसला १९९४ साली ६२ टक्क्यांहून अधिक मते मिळाली होती. २९ मे २०२४ च्या निवडणुकीत ती ४० टक्क्यांवर आली आणि ३० वर्षांत प्रथमच तिचे बहुमत गेले. वर्णभेदाचे कायदे गेले, पण जमीन आणि भांडवल मोठ्या प्रमाणात गोऱ्यांच्याच हाती राहिले. निवडणुकीच्या वेळी काम मागणाऱ्या दर तिघांपैकी जवळजवळ एक बेकार होता. नेत्यांचा भ्रष्टाचार होताच. आईबापांनी दिवसभर रांगेत उभे राहून ज्या पक्षाला मत दिले, त्याच्याकडे मुलांनी पाठ फिरवली, यात नवल ते काय? २५ नोव्हेंबर १९४९ रोजी घटना समितीत बाबासाहेबांनी बजावले होते की, देशासाठी आयुष्य वेचणाऱ्यांविषयी कृतज्ञता असावी, पण तिलाही मर्यादा असते. आफ्रिकेच्या मतदाराने ती मर्यादा दाखवून दिली.

परंतु हा राग संघटित नव्हता. सुमारे ४१ टक्के नोंदणीकृत मतदार मतदानाला गेलेच नाहीत. उरलेल्या रागाचा मोठा वाटा जेकब झुमा यांच्या नव्या पक्षाने उचलला. भ्रष्टाचाराच्या आरोपांमुळेच ज्यांना २०१८ साली राष्ट्राध्यक्षपद सोडावे लागले, तेच हे झुमा!

श्रीलंकेत वेगळे घडले. २०२२ साली देश दिवाळखोर झाला, जनता रस्त्यावर आली आणि गोटाबाया राजपक्षे देश सोडून पळाले. तरीही सत्ता गेली ती जुन्याच व्यवस्थेतील रनिल विक्रमसिंघे यांच्याकडे, कारण उठावाच्या मागे बांधलेला पक्ष नव्हता. २०२० मध्ये २२५ पैकी अवघ्या ३ जागा मिळवणाऱ्या नॅशनल पीपल्स पॉवर आघाडीने हे हेरले. कामगार, शिक्षक, स्त्रिया यांच्यात गावोगाव बांधणी केली. सप्टेंबर २०२४ मध्ये अनुरा कुमार दिसानायके राष्ट्राध्यक्ष झाले आणि नोव्हेंबरात आघाडीने १५९ जागा जिंकल्या. तमिळांच्या जाफना जिल्ह्यातही ती पहिली आली. सिंहली-तमिळ द्वेषावर पोसलेल्या राजकारणाला ही सणसणीत चपराक होती.

कायद्याच्या अंगानेही एक हिशेब मांडला पाहिजे. दक्षिण आफ्रिकेत झुमांच्या पक्षाला १४.६ टक्के मतांवर ४०० पैकी ५८ जागा मिळाल्या, कारण तेथे मतांच्या प्रमाणात जागा मिळतात. ब्रिटनमध्ये रिफॉर्म पक्षाला १४.३ टक्के मते मिळूनही ६५० पैकी फक्त ५ जागा मिळाल्या. आणि मजूर पक्षाने ३३.७ टक्के मतांवर ४११ जागा नेल्या. रिफॉर्म पक्षाचे स्थलांतरितविरोधी राजकारण आम्हास मुळीच मान्य नाही. पण हिशेब तो हिशेब. ज्या समाजाची मते मतदारसंघा-मतदारसंघांत विखुरलेली आहेत, त्याला या पद्धतीचा फटका कायमच बसतो. भारताच्या लोकसभेसाठी हीच ब्रिटिश पद्धत आहे, हे विसरून चालणार नाही.

आता शेवटचा आणि सर्वांत कडू मुद्दा. दिसानायके यांनी आंतरराष्ट्रीय नाणेनिधीच्या अटींवर फेरवाटाघाटी करण्याचे आश्वासन दिले होते. सत्तेवर आल्यावर त्यांनी २०२३ चाच सुमारे ३ अब्ज डॉलरचा करार पुढे चालवला. श्रीलंकेच्या तयार कपड्यांचे सर्वांत मोठे गिऱ्हाईक अमेरिका. तेथील मतदारांनी नोव्हेंबर २०२४ मध्ये डोनाल्ड ट्रम्प यांना निवडले. एप्रिल २०२५ मध्ये ट्रम्प यांनी श्रीलंकेच्या मालावर ४४ टक्के कर जाहीर केला. ऑगस्टमध्ये तो २० टक्क्यांवर आणला. शिलाई कारखान्यात राबणाऱ्या लंकेच्या मुलीला अमेरिकेत मत नाही, पण तिची रोजीरोटी मात्र तेथील मतपेटीवर टांगलेली! बदलत्या जागतिक राजकारणाचा अर्थ याहून स्पष्ट कोणता असेल?

त्याच भाषणात बाबासाहेबांनी राजकीय समता आणि आर्थिक-सामाजिक विषमता यांतील विसंगतीचा इशारा दिला होता. ती विसंगती आज देशांच्या सीमा ओलांडून गेली आहे. सरकार निवडण्याचा अधिकार गरिबाच्या हाती आहे, पण सरकारचे हात बांधणारे कर्जाचे आणि व्यापाराचे करार त्याला न विचारता होतात. म्हणून चळवळीच्या माणसाने मत मागायला येणाऱ्याला रस्ता, गटाराबरोबरच हेही विचारावे : कर्ज कोणाकडून घेणार, कोणत्या अटींवर, आणि सही करण्यापूर्वी तो करार संसदेपुढे ठेवणार की नाही? आणि हा प्रश्न एकट्यादुकट्याने विचारून भागणार नाही. संघटनेच्या बळावर विचारला, तरच त्याचे उत्तर द्यावे लागेल.