शिक्षेबाबत म्हणणे

आरोपी दोषी आहे असा निष्कर्ष सत्र न्यायाधीशाने वाचून दाखविल्यानंतर, कायद्याप्रमाणे त्याला आणखी एक काम उरते. ते म्हणजे शिक्षेबाबत आरोपीचे म्हणणे ऐकून घेणे. १९७३ च्या फौजदारी प्रक्रिया संहितेने ही तरतूद नव्याने आणली आणि तिची जागा घेणाऱ्या नागरिक सुरक्षा संहितेनेही ती कायम ठेवली. परंतु ज्या सुनावणीत एका माणसाच्या उर्वरित आयुष्याचा हिशेब व्हावयाचा, ती प्रत्यक्षात किती वेळ चालते हे ज्यांनी पाहिले आहे, त्यांना तिचा मजकूरही तोंडपाठ असतो: पहिलाच गुन्हा आहे, घरात कमावता हाच एक, मुले लहान, आईवडील वृद्ध, सबब दया व्हावी. सरकारी वकील उठून गुन्ह्याचे गांभीर्य सांगतात, आणि पुष्कळदा त्याच दिवशी सक्तमजुरीची मुदत जाहीर होते.

साक्षीपुराव्याच्या बाबतीत इतके काटेकोर असणारे आपले न्यायमंडळ शिक्षेच्या मोजमापात इतके सैल का, याचे उत्तर न्यायाधीशांच्या कठोरपणात शोधणे अन्यायाचे होईल. कायदा बदलला तशी त्यांची दृष्टीही बदलली आहे: १९५५ पर्यंत खुनाच्या खटल्यात फाशी न दिल्यास त्याची कारणे लिहावी लागत, १९७३ नंतर उलट फाशी दिल्यास विशेष कारणे नमूद करावी लागू लागली, आणि १९८० च्या बचनसिंग खटल्यात ही शिक्षा दुर्मिळातील दुर्मिळ प्रकरणांपुरती राखून ठेवण्यात आली. खरी उणीव माहितीची आहे. गुन्हा कसा घडला हे दप्तरात असते. गुन्हेगार कोण, तो कशातून आला आणि तुरुंगात जाऊन त्याचे काय होणार, याचा कागद दप्तरात सहसा नसतोच. शिक्षेबाबतची सुनावणी म्हणजे केवळ तोंडी युक्तिवाद नव्हे, त्यासाठी आवश्यक ती सामग्री मांडण्याची संधी मिळाली पाहिजे, असे सर्वोच्च न्यायालयाने १९७६ मध्येच बजावले होते. तरीही २०२२ च्या सप्टेंबरात, सरन्यायाधीश उदय लळित यांच्या पीठाला फाशीच्या खटल्यांपुरता का होईना, हाच प्रश्न पाच न्यायाधीशांच्या घटनापीठाकडे सोपवावा लागला.

फाशीसारख्या शिक्षेतही न्यायालयाचा हिशेब किती चुकू शकतो, हे महाराष्ट्रातील एका प्रकरणात दिसले. त्यात २००९ साली सर्वोच्च न्यायालयाने सहा जणांना फाशी सुनावली. त्यांपैकी तिघांची फाशी उच्च न्यायालयाने जन्मठेपेवर आणली होती, ती पुन्हा वाढविण्यात आली. २०१९ साली सर्वोच्च न्यायालयानेच सहाही जणांना निर्दोष ठरवून सोडले.

न्यायाधीश शिक्षा वर्षांत मोजतो, बंदिवान ती दिवसांत भोगतो, आणि या दोन हिशेबांची गाठ क्वचितच पडते. सत्र न्यायाधीशांनी आपल्या हद्दीतील तुरुंगांना भेटी द्याव्यात, असा आदेश १९७९ च्या सुनील बत्रा प्रकरणात आहे. पण आगाऊ वर्दी देऊन मारलेल्या फेरीत तुरुंग जसा असतो तसा दिसत नाही, हे तुरुंगाधिकारीही खासगीत नाकारणार नाहीत.

तुरुंगाला पर्याय नाहीत असे मात्र नाही. १९५८ चा परिवीक्षा अधिनियम मुचलक्यावर सोडण्याचा अधिकार देतो. पाच हजार रुपयांहून कमी किमतीच्या चोरीत, गुन्हा पहिलाच असून माल वा त्याची किंमत परत केली असल्यास, नवी न्याय संहिता समाजसेवेची शिक्षा सांगते. ती सेवा कोणाच्या देखरेखीखाली व्हावी, याची घडी अजून बसावयाची आहे. आटपाडीजवळचे स्वतंत्रपूर, जेथे कैदी कुटुंबासह राहून शेती करतो, ते तर औंध संस्थानाने १९३९ मध्येच वसविले.

दोषसिद्धी आणि शिक्षा यांच्यामध्ये पंधरवड्याची तारीख द्यावी आणि तेवढ्या अवधीत परिवीक्षा अधिकाऱ्याचा अहवाल न्यायाधीशापुढे यावा, एवढीच मागणी आहे. याने खटले लांबतील असा आक्षेप येईल; पण आरोपपत्रापासून निकालापर्यंत ज्या खटल्याने वर्षानुवर्षे तारखा घेतल्या, त्याला अखेरची ही एक तारीख जड होण्याचे कारण दिसत नाही.