गोळ्यांचे श्राद्ध

पितृपक्ष भाद्रपदात संपतो, असे पंचांग सांगते. पंचांगकर्त्यांना आमच्या शिकल्यासवरल्या मंडळींचा अनुभव नसावा. ऐन दिवाळीत, फराळाची ताटे घरोघर फिरू लागली की आणखी एक श्राद्ध सुरू होते. ते असते लहानपणीच्या गोळ्यांचे. चाळिशी-पन्नाशीतले एखादे गृहस्थ चकली मोडता मोडता उसासा टाकतात, "ती लिमलेटची गोळी आता कुठे मिळते हो!" झाले! दुसऱ्याला रावळगावचे पान पसंद आठवते, तिसऱ्याला पारलेची किसमी, चौथ्याला लाल टोकाची ती गोड सिगारेट. मोबाईलवर चित्रे येऊ लागतात. "ज्यांनी हे खाल्ले त्यांचेच बालपण खरे," असा निवाडाही कोणीतरी देऊन टाकतो, आणि मंडळी डोळे पुसत पुन्हा चिवड्याकडे वळतात.

मला या श्राद्धाविरुद्ध बोलावयाचे आहे. सणाच्या अंकात कडू बोलू नये हा संकेत मला ठाऊक आहे. पण गोडाविषयीच बोलणार असल्यामुळे संपादक मला क्षमा करतील, अशी आशा आहे.

प्रथम एक गैरसमज दूर करतो. मी कोणी विरक्त माणूस नाही. धारणीत वाढलेला, मॅट्रिकपर्यंत शिकलेला, पोरांना शिकवून उरलेल्या वेळात कादंबऱ्या लिहिणारा मास्तर आहे. लिमलेट मीही चोखली आहे. चार आण्यांत काय काय येते याचा हिशेब मला पाढ्यांच्या आधी येत होता. तेव्हा गोळीशी माझे भांडण नाही. भांडण आहे ते तिच्या नावाने रडताना आपण जो 'आपण' शब्द वापरतो, त्याच्याशी. "आपल्या लहानपणी", "आपल्या काळी", "आपण सगळे". हे सगळे म्हणजे नेमके कोण?

आमची धारणी म्हणजे मेळघाटातले तालुक्याचे गाव. परतवाडा सोडून घाट चढावा, सेमाडोह आणि हरिसाल मागे टाकावे, तेव्हा ती लागते. पलीकडे तापी आणि मध्यप्रदेश. तालुका कोरकूंचा, गावात मात्र दुकानदार, कारकून, जंगलखात्याचे शिपाई, मास्तर अशी इकडून तिकडून आलेली वस्ती. नव्वदच्या सुमारास आमच्या वर्गात दोन प्रकारची मुले होती. गोळी कागदातून सोडविणारी, आणि सोडविताना बघणारी. कागद खाली पडला की तो उचलण्यासाठी दुसऱ्या प्रकारातले हात पुढे येत. कागदाला वास असे.

आज ज्यांच्या नावाने उसासे टाकले जातात ती हीच वर्षे. याच वर्षांत, १९९३ साली, मेळघाटातील बालमृत्यूंची बातमी देशभर गाजली. मंत्री आले, मोटारी आल्या, पुढे न्यायालयांत याचिका झाल्या आणि त्यांच्या सुनावण्या वर्षानुवर्षे चालल्या. कुपोषण हा शब्द माझ्या पिढीच्या मुलांनी व्याकरणाच्या पुस्तकात नव्हे, वर्तमानपत्राच्या मथळ्यात शिकला, आणि मथळ्यात आमच्याच तालुक्याचे नाव होते. ज्याला तुम्ही गोळ्यांचे सुवर्णयुग म्हणता, त्या युगाचे हेही एक पान आहे. ते फाडून ठेवल्याशिवाय तुमची आठवण गोड लागत नाही, एवढेच माझे म्हणणे आहे.

कोणी म्हणेल, "मास्तर, ज्याला गोळी मिळाली नाही त्याच्याबद्दल आम्हांला वाईटच वाटते, पण मग आम्ही आमची आठवणही काढू नये काय?" काढा की! पण त्याच्याकडे गोड काही नव्हतेच, असे जे तुम्ही मनात धरून चालला आहात, तिथेच तुमची दुसरी चूक होते. त्याच्याकडे मोह होता.

होळीच्या सुमारास मोह फुलतो. फुले रात्रभर गळतात. पहाटे टोपल्या घेऊन बायका-पोरे झाडाखाली जातात. ताजे फूल रसाने टच्च भरलेले, पिवळसर पांढरे, जिभेवर ठेवले की मधासारखे लागणारे. वाळवले की मनुकेसारखे होते, आणि त्या वाळलेल्या फुलात वजनाच्या निम्म्याच्या आसपास साखरच असते. ते भाजून खातात, उकडून खातात, ज्वारीबरोबर शिजवतात, कुटून लाडू वळतात. कारखाना नाही, कागद नाही, जाहिरात नाही. चार आणेही नाहीत. वर्गातल्या ज्या पोराला आम्ही गोळीविना बिचारा समजत होतो, त्याच्या घरी गाडग्यात वर्षाचा खाऊ भरलेला असे.

आता या खाऊची सरकारदरबारी काय प्रतिष्ठा होती ते पाहा. १९४९ च्या मुंबई दारूबंदी कायद्याने मोहफुलाला दारूच्या पंगतीला बसविले. पुढे हाच कायदा साऱ्या महाराष्ट्राला लागू झाला, आणि फुलांची साठवण, ने-आण, विक्री हे सारे नियमांत आणि परवान्यांत बांधले गेले. मोहाची दारू होते हे कोण नाकारतो? दारू तर उसाच्या मळीचीही होते. म्हणून कोणी साखरेच्या गोळीला परवाना लावला नाही. कारखान्यातली साखर कागदात गुंडाळून गावोगाव मोकळी फिरली आणि झाडाखाली पडलेली साखर शिपायाच्या भीतीने घरात दडून बसली. राज्य सरकारने हे निर्बंध उठविले ते २०२१ साली. दरम्यान बहात्तर वर्षे गेली. गोळ्यांच्या यादीत मोहाचे नाव का नाही, याचे उत्तर या बहात्तर वर्षांत आहे.

कायदा उठला, पण कायद्याने मनावर मारलेला शिक्का इतक्या लवकर उठत नाही. मागे एकदा मी वर्गात 'मला आवडणारा गोड पदार्थ' असा निबंध घातला. पेढा आला, जिलबी आली, चॉकलेट तर पंधरा वह्यांत आले. एक कोरकू पोरगा पाटीसारखी कोरी वही पुढे घेऊन बसला होता. जवळ जाऊन विचारले तेव्हा हळूच म्हणाला, "सर, मोह लिहू का? पण पोट्टे हासतील. दारू म्हणतील." आणि पोट्टे हसलेच. त्यांना तरी काय बोल लावावा? त्यांच्या घरी हेच ऐकलेले. ज्या देशात वीस-पंचवीस वर्षांपूर्वी मिळेनाशा झालेल्या गोळीसाठी मोठी माणसे उघड गळे काढतात, तिथे एका आठ-नऊ वर्षांच्या पोराला आपल्या आजीने करून घातलेल्या खाऊचे नाव घेण्याची चोरी वाटते! मला या श्राद्धाचा राग येतो तो इथे.

बरे, ज्या गोळीचे एवढे कौतुक, ती होती तरी काय? साखर आणि ग्लुकोजचा पाक दीडशे अंशांच्या आसपास आटवावा, थोडे आंबट घालावे, रंग घालावा, वास घालावा, साच्यातून काढावे. झाली गोळी! संत्र्याच्या गोळीत संत्रे नसे आणि आंब्याच्या गोळीत आंबा नसे. आमच्या अमरावती जिल्ह्यात वरूड-मोर्शीकडे संत्र्यांचे बागच्या बाग आहेत; नागपुरी संत्र्याला २०१४ साली भौगोलिक मानांकनही मिळाले. तरी याच जिल्ह्यातल्या पोरांना विचारा, संत्र्याचा वास कसा असतो? निम्मी पोरे गोळीचा वास सांगतील. "जुन्या गोळ्या शुद्ध होत्या, आता सगळी भेसळ," हे वाक्यही मला दर दिवाळीला ऐकावे लागते. शुद्ध कसल्या? हीच साखर, हेच आंबट, हेच रंग. बदलली आहे ती जीभ. महिन्यातून एकदा मिळणारी गोळी आणि टेबलावरच्या बशीत पडून असलेली गोळी, यांची चव एक कशी लागेल? तुम्ही रडता आहात ते तुमच्या गेलेल्या भुकेसाठी. भूक गेली ही खरे तर आनंदाची गोष्ट. तिच्यासाठी रडणे ज्याला परवडते त्याने, जिची भूक अजून गेलेली नाही त्या वस्तीसमोर तरी रडू नये.

आणि या अश्रूंना बाजारात काय भाव आहे, हेही एकदा पाहून घ्या. वालचंद हिराचंदांनी मालेगावजवळ रावळगावला १९३३ साली साखर कारखाना काढला. पुढे चाळीसच्या दशकात त्याच्या गोळ्या निघाल्या आणि मराठी घरांत 'रावळगाव' हे गावाचे नाव न राहता पदार्थाचे नाव झाले. माळरानावर ऊस उभा करणाऱ्या त्या कर्तृत्वाला माझा नमस्कार आहे. पण फेब्रुवारी २०२४ मध्ये या गोळ्यांचा धंदा रिलायन्सच्या कंपनीने २७ कोटी रुपयांना घेतला, तेव्हा विकले काय गेले? जमीन नव्हे, यंत्रे नव्हेत. नावे, कृती आणि त्यांवरचे हक्क! म्हणजे किंमत आली ती तुमच्या-माझ्या आठवणीला. व्यापाऱ्याने व्यापार केला, त्यात त्याचा दोष काय? पण फराळाच्या ताटावर बसून आपण जे फुकट गळे काढतो, त्यातून दुसऱ्याचा माल तयार होतो, हे गळे काढणाऱ्याला कळलेले बरे. उद्या तीच गोळी जुन्या अक्षरांच्या नव्या कागदात येईल, आणि आपण ती घरात ठेवू. मुलांसाठी नव्हे, स्वतःसाठी.

मुलांसाठी काय आहे? तेही सांगतो. चार आण्यांचे नाणे सरकारने २०११ च्या जूनअखेर चलनातून काढले. आता पाच रुपयांना पाकीट मिळते. पावसाळ्यात ज्या पाड्यापर्यंत एस.टी. जात नाही, तिथल्या झोपडीवजा दुकानातही त्या पाकिटांच्या माळा टांगलेल्या मी पाहिल्या आहेत. चुरचुरीत, खारट, झगझगीत. मजुरीवरून येणारी आई पोराच्या हातात ते ठेवते, कारण स्वस्त तेच आहे आणि पोर गप्प बसते. उद्या हे पोर मोठे होईल आणि त्याच पाकिटाच्या आठवणीने गहिवरेल. श्राद्धाला नवा पितर मिळेल!

आणि आमच्याकडे शाळेत वाटल्या जाणाऱ्या गोळ्यांचे काय? त्या गोळ्या म्हणजे लोहाच्या. आठवड्यातून एकदा, रक्त वाढावे म्हणून. निळी गोळी पाण्याबरोबर गिळायची. फेब्रुवारीत जंताची येते, ती चावून खायची असते. पोरे ती आवडीने चावतात, कारण ती थोडी गोड लागते. मराठीत दोन्हींना शब्द एकच: गोळी. पुण्यामुंबईचा वाचक तो वाचून डोळे पुसतो, आणि धारणीतला मास्तर तो ऐकून हजेरीपत्रक उघडतो.

"अहो मास्तर, दिवाळीच्या चार दिवसांत जरा गोड आठवण काढली, तर कोणाचे काय बिघडले?" हा प्रश्न मला नक्की विचारला जाईल. मी कादंबऱ्या लिहितो. आठवण हे माझ्या धंद्याचे भांडवल आहे. तेव्हा तिच्या खोड्या मला थोड्याफार ठाऊक आहेत. आठवण सरळ खोटे कधी बोलत नाही. ती फक्त काही माणसांना घराबाहेर उभे करून दार लावून घेते. आत बसलेल्यांना वाटते, सगळे आलेच आहेत. एका माणसाने असे दार लावले तर ती त्याची खासगी बाब. पण सगळ्या शिकलेल्या महाराष्ट्राने दरवर्षी मिळून ते लावले की त्याचा इतिहास होतो, आणि तो इतिहास शाळेतल्या पोराच्या वहीत कोरे पान होऊन उतरतो. एवढे बिघडते.

म्हणून माझ्या दोन सूचना आहेत. दोन्हींना खर्च नाही. पहिली ही की, या दिवाळीत मुलांना आपल्या गोळ्यांच्या गोष्टी सांगाल तेव्हा, आपल्या वर्गात ती कोणाकोणाला मिळत नसे, त्यांचीही नावे सांगा. आठवत नसतील तर तसे सांगा. मुले त्यातूनही काही शिकतील. दुसरी ही की, मोहाचा लाडू एकदा खाऊन पाहा. करुणा म्हणून नव्हे, चव म्हणून. अमरावती-अकोल्याच्या एखाद्या घरच्या फराळात तो शंकरपाळ्यांशेजारी येऊन बसला, तर इकडे घाटावरच्या एखाद्या वर्गात एका पोराला वहीत एक ओळ मोकळेपणी लिहिता येईल. त्या ओळीचे मोल २७ कोटींत होणार नाही.

एवढेही जमत नसेल, तर निदान एक करा. लिमलेटची गोळी कुठून तरी मिळवा, तोंडात ठेवा आणि ती विरघळेपर्यंत बोलू नका. तोंड बंद ठेवण्याचा गोळीचा गुण जुना आहे, आणि त्याबद्दल माझी काहीच तक्रार नाही.