चित्रालाही पाठभेद असतात

सौंदर्यशास्त्राच्या तासाला लेसिंगचा विषय निघाला की लाओकूनचे शिल्प पडद्यावर दाखवायचे, हा माझा अनेक वर्षांचा परिपाठ. यंदा एका विद्यार्थिनीने दोन छायाचित्रे पुढे ठेवली. एकात लाओकूनचा उजवा हात आकाशाकडे ताठ गेलेला, दुसऱ्यात तोच हात कोपरात मुडपून डोक्यामागे वळलेला. “सर, यांतले खरे कोणते?” दोन्ही चित्रे एकाच संग्रहातली आणि दोहोंखाली मजकूर तोच: लाओकून, संगमरवर, व्हॅटिकन.

१५०६ साली हे शिल्प रोममध्ये सापडले तेव्हा त्याला हा हातच नव्हता. मागाहून जोडलेला ताठ हात युरोपने शतकानुशतके पाहिला. मूळचा वाकलेला हात विसाव्या शतकाच्या आरंभी लुडविग पोलाकला रोममध्येच एका पाथरवटाकडे मिळाला आणि १९५०च्या दशकाअखेरीस तो शिल्पाला जोडला गेला. म्हणजे खरा हात वाकलेला. पण १७६६ मध्ये ‘लाओकून’ प्रसिद्ध करणाऱ्या लेसिंगने मूळ शिल्प पाहिलेच नव्हते, आणि त्या काळी ज्या प्रतिमा फिरत होत्या त्या ताठ हाताच्या. तेव्हा लेसिंग शिकवायचा असेल तर ‘चुकीचे’ चित्रच बरोबर ठरते! हे सारे छायाचित्राखालच्या एका सालाने उलगडले असते. ते साल तेवढे तिथे नव्हते.

माझी तक्रार चित्रसंग्रहांच्या श्रीमंतीबद्दल नाही, त्यांच्या नोंदींबद्दल आहे. आणि त्याहून अधिक, त्या नोंदी मुकाट गिळणाऱ्या आपल्याबद्दल. ज्ञानेश्वरीतली ओवी उद्धृत करताना प्रत कोणती, राजवाड्यांची की आणखी कोणाची, हे न सांगणाऱ्या विद्यार्थ्याला आपण फैलावर घेतो. तोच विद्यार्थी रोमन शिल्पाचे बेवारस चित्र प्रबंधात चिकटवतो आणि आपण सही ठोकतो. चित्र म्हणजे जणू स्वयंभू लिंग, त्याला प्रत नाही, संपादक नाही!

संपादक असतोच, तो फक्त अदृश्य असतो. कॉन्स्टंटाइनची कमान घ्या. इ.स. ३१५ मधल्या या कमानीवर ट्रेजन, हेड्रियन आणि मार्कस ऑरेलियस या आधीच्या सम्राटांच्या स्मारकांतली शिल्पे आणून बसवलेली आहेत. हेड्रियनच्या गोल शिल्पपटांत तर त्याचा चेहरा घासून नवे चेहरे कोरले गेले. कमानीचा अर्थच या उसनवारीत आहे. पण कालानुक्रमे लावलेला संग्रह ते गोल पट उचलून हेड्रियनच्या कप्प्यात टाकतो, उरलेले आपापल्या सम्राटाकडे रवाना होतात, आणि कमान नाहीशी होते. एखाद्या काव्यातली अवतरणे मूळ कवींना परत वाटून टाकावीत, तसला हा प्रकार.

पाँपेईचे उदाहरण साहित्याच्या माणसाला अधिक बोचावे. बुलवर-लिटनने आपल्या १८३४च्या कादंबरीत नायकाला जे घर दिले, ते ‘शोककवीचे घर’ १८२४-२५ मध्ये उकरले गेले. त्याच्या दर्शनी दालनात होमरच्या कथाविश्वातली चित्रे होती: अकिलीसपासून हिरावली जाणारी ब्रिसेइस, ट्रॉयला निघालेली हेलन, झ्यूस आणि हेरा. आतल्या बागेच्या ओवरीत इफिगेनियाचे बलिदान. एक स्त्री नेली जाते, एक जाते, एक बळी दिली जाते. घरात वावरणाऱ्याने या चित्रांतून आपले महाकाव्य जुळवावे, अशी ती मांडणी. चित्रे भिंतींवरून कापून नेपल्सच्या संग्रहालयात नेली गेली. आता संगणकावर ‘ब्रिसेइस’ शोधले तर ब्रिसेइस मिळते, एकटी, चौकटीत. तिची भिंत मिळेलच असे नाही.

“धर्माची गाय अन् दात का नाय,” असे सहकारी मला ऐकवतात. रोमला जाणे आपल्यापैकी कितीजणांच्या नशिबी आहे? फुकट मिळते ते घ्यावे. हा युक्तिवाद मला मान्य झाला असता, जर दुसरी वाट नसती. ती आहे. ‘पाँपेई इन पिक्चर्स’ या संग्रहात चित्रे ‘उत्कृष्ट कलाकृती’ म्हणून नव्हे, तर घराच्या पत्त्यानुसार लावलेली आहेत: फिओरेलीने एकोणिसाव्या शतकात घालून दिलेल्या पद्धतीने आधी नगराचा विभाग, मग चार रस्त्यांमधला घरांचा गट, मग दार. शोककवीचे घर म्हणजे सहावा विभाग, आठवा गट, तिसरे दार. कुत्र्याच्या मोझेकवरून आत शिरावे, उघडी पडलेली भिंत पाहावी, आणि तिथून उचललेले चित्रही त्याच पानावर पाहावे. छायाचित्रांखाली महिना आणि वर्ष. कॅमेरा साधाच, छायाचित्रांना दिखाऊपणा नाही. पण पाठचिकित्सेचा संस्कार पुरेपूर.

हे पाहिल्यावर ‘नोंदी ठेवणे व्यवहार्य नाही’ ही सबब मी तरी ऐकून घेणार नाही. माझ्याकडे येणाऱ्या लघुप्रबंधांत यापुढे चित्राखाली तीन गोष्टी लागतील: वस्तू मुळात कुठे होती, आज कुठे आहे आणि छायाचित्र कोणत्या साली घेतले. नसतील तर पान परत जाईल. त्या विद्यार्थिनीने आपली दोन्ही चित्रे ठेवली आहेत. खाली साले शोधण्याचे काम चालू आहे.